सातबारा आणि सट्टा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून विचारलं, "नाना, ब्लॉग बंद केलात का?" बंद नाही केला. पण मधे घरात असं काही घडलं की ते सोडून दुसरं काही लिहवेना, आणि ते लिहावं की नाही हेही कळेना. शेवटी ज्याच्याबद्दल लिहायचं त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "लिहा नाना. नाव तेवढं घालू नका." म्हणून नाव घालत नाही. नातेवाईक मंडळी ओळखतीलच. त्यांना एकच विनंती, त्याच्या आईला फोन करून चौकशी करू नका. ती माउली आधीच खूप सोसून बसली आहे.

तर झालं असं...

२०२५ ची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. भातं कापून खळ्यावर आली होती. सकाळी सकाळी पुतण्या आला आणि पडवीत बसला. चहा झाला, पावसाने यंदा कसा घोळ घातला ते बोलून झालं, तरी उठेना. मग पिशवीतून कागद काढले. ओढ्याकाठची आमची वीस गुंठे जमीन, जिच्या सातबाऱ्यावर अजून त्याचं आणि माझं नाव सामायिक आहे, ती विकायची म्हणत होता. गिऱ्हाईक तयार होतं. माझी सही हवी होती.

"कशाला विकायची रे?"

"देणं झालंय."

"कसलं?"

बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "क्रिकेटचं."

मला आधी काही कळेचना. क्रिकेटचं देणं कसं होतं? मग एकेक बाहेर आलं. लॉकडाऊनमधे काम बंद होतं तेव्हा मोबाईलवर टीम लावायला लागला. पन्नास रुपये, शंभर रुपये. टीव्हीवर मोठमोठे खेळाडू जाहिरात करायचे, तेव्हा त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटलंच नाही. मला आठवतं, माझ्या समोर बसून त्याने टीम लावली होती आणि मीच कौतुकाने विचारलं होतं, "कोणाला कॅप्टन केलास रे?" पुढे ऑगस्ट २०२५ मधे केंद्राचा कायदा झाला आणि पैशाचे हे खेळ कंपन्यांनी बंद केले. चांगलं झालं, असं आपण सगळे म्हणालो. पण याची सवय काही बंद झाली नाही. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर "आयडी" दिला. आयडी म्हणजे काय, तर परदेशातून चालणाऱ्या कुठल्याशा वेबसाईटवर बेकायदा सट्टा लावायचं खातं. तिथे टीम वगैरे भानगड नाही. पुढच्या बॉलवर काय होणार, या ओव्हरमधे किती रन होणार, यावर पैसे. आधी उधारीवर खेळायचं आणि सोमवारी हिशोब. सप्टेंबरच्या आशिया कपातच त्याचं कंबरडं मोडलं.

एकूण अठरा लाख. त्यातले नऊ लाख त्या आयडीवाल्याचे. चार लाख पतसंस्थेचं सोनेतारण, म्हणजे सुनेचे दागिने. तीन लाख मित्रांचे आणि दोन लाख मोबाईलवरून घेतलेल्या कर्जाचे.

मी कागद बाजूला ठेवले आणि म्हटलं, "आठ दिवस दे मला."

*

खरं सांगायचं तर त्याला रागवायचा मला फारसा अधिकार नाही. हे आजवर इथे कधी लिहिलं नव्हतं, आज लिहितो. १९७४-७५ च्या सुमारास मी नवीन नवीन नोकरीला लागलो होतो आणि मटक्याचा आकडा लावत होतो. तेव्हा गावोगाव ते वेड होतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव मुंबईला यायचे, त्यावर आकडा लावायचा, असा तो मूळ धंदा. ते भाव बंद झाले तसे साठच्या दशकात वरळीला कल्याणजी भगत यांनी आणि मग रतन खत्री यांनी चिठ्ठ्या आणि पत्ते काढून आकडा ठरवायला सुरुवात केली. ओपन, क्लोज, जोडी हे शब्द माझ्या शाळेतल्या शिपायालासुद्धा "मे आय कम इन सर" च्या आधी यायचे!

मी पहिल्याच दिवशी एक रुपया लावला आणि नऊ रुपये मिळाले. तेच वाईट झालं. पुढे चार महिने लावत होतो. शेवटी आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर नाही, पानाच्या टपरीवर शिकवलं. "आकडे दहा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लाव. खिशातून दहा गेले, हातात किती येतील? नऊ. उरलेला एक कोणाचा ते तू सांग." मी मराठी-इतिहासाचा मास्तर, गणित आपलं बेताचंच. पण तो एक रुपया डोक्यात बसला. त्या पगाराला बायकोच्या हातात पूर्ण पाकीट ठेवलं आणि सुटलो. मी सुटलो ते अक्कल होती म्हणून नव्हे. तेव्हा आकडा लावायला टपरीपर्यंत चालत जावं लागायचं, दिवसातून दोनदाच आकडा फुटायचा आणि उधारी मिळायची नाही. पुतण्याच्या टपरीला दार नाही. ती उशाशीच असते, रात्री दोनलासुद्धा.

*

त्या आठ दिवसांत मी वकिली करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला गाठलं. त्याने दोन तास बसून सगळं समजावलं. मास्तरला विद्यार्थ्याने शिकवण्यासारखं सुख नाही, विषय कडू असला तरी.

आपल्याकडे जुगाराचा मूळ कायदा १८८७ चा, इंग्रजांच्या मुंबई इलाख्याचा. राज्यघटनेत "पैज आणि जुगार" हा विषय राज्यांच्या यादीत आहे, म्हणून गोव्यात कॅसिनो चालतो आणि आपल्याकडे नाही. आपल्याकडेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता बरं का! पण तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मधे मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं सरकार "करू की नको" यातच होतं. त्याच सरकारने १९६९ मधे स्वतःची लॉटरी मात्र सुरू केली होती.

कोर्टांनी या सगळ्यात एकच फूटपट्टी वापरली, खेळ कौशल्याचा की नशिबाचा. १९५७ साली आपल्याच मुंबई राज्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बक्षिसाची शब्दकोडी हा जुगार आहे आणि जुगार हा व्यापारच नव्हे, तेव्हा व्यापाराच्या हक्काचं संरक्षण त्याला नाही. १९६७ मधे रमी कौशल्याची ठरली. १९९६ मधे घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरली. त्याच वाटेने २०१७ मधे पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात आणि २०१९ मधे मुंबई उच्च न्यायालयात मोबाईलवरची क्रिकेटची टीमही कौशल्यात बसली. म्हणजे पुतण्याने जेव्हा सुरुवात केली तेव्हा तो कायद्याने "खेळाडू" होता! २०२५ च्या कायद्याने ही फूटपट्टीच मोडली. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून ऑनलाईन खेळवायचं नाही. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, आणि ते मला योग्य वाटलं. त्या वेळी सरकारने अंदाज सांगितला होता की पंचेचाळीस कोटी लोक अशा खेळांत वर्षाला सुमारे वीस हजार कोटी रुपये घालवतात. कंपन्या कोर्टात गेल्या. जुगार हा राज्यांचा विषय असताना केंद्राने कायदा कसा केला, हा त्यांचा एक मुद्दा. सप्टेंबर २०२५ मधे वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या त्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या.

दुसरी बाजूही विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे सांगितली. २०१३ च्या आयपीएलमधल्या फिक्सिंगनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ मधे म्हटलं होतं की क्रिकेटवरची बेटिंग कायदेशीर करा, फक्त खेळाडू आणि पदाधिकारी यांना त्यातून वगळा. मग विधी आयोगाने जुलै २०१८ मधे आपला २७६ वा अहवाल दिला. बंदीच बरी, पण ती पाळून घेता येत नसेल तर निदान नियमन तरी करा, असा त्याचा सूर होता. व्यवहार रोखीत नको, आधार-पॅन जोडा, अठरा वर्षांखालच्यांना मज्जाव आणि माणसाच्या उत्पन्नाप्रमाणे मर्यादा. आयोगाच्या एका सदस्यांनी याला असहमती नोंदवली.

हे ऐकून मला आपल्या शेजारच्या मावळातली गोष्ट आठवली. मार्च २०२१ मधे गहुंज्याच्या मैदानावर भारत-इंग्लंडचे सामने झाले. करोनामुळे आत प्रेक्षक नव्हते. पण घोरावडेश्वराच्या डोंगरावर दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन माणसं बसली होती! टीव्हीवर चेंडू काही क्षण उशिरा दिसतो, तेवढ्या क्षणांत सट्टा लावायचा. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी तेहतीस जणांना पकडलं. ज्या डोंगरावर आम्ही सहलीला पोरं नेऊन लेणी दाखवली, तिथून हा धंदा! बंदी तेव्हाही होतीच की.

*

त्याच आठवड्यात न्यू जर्सीच्या भाच्याचा फोन आला. त्याला सगळं कळलं होतं (कसं ते विचारू नका, आपल्या घराण्यात बातमी विमानापेक्षा जोरात जाते). तो म्हणाला, "मामा, बंदी घालून काही होत नाही. इथे २०१८ मधे न्यू जर्सीच्याच खटल्यात सुप्रीम कोर्टाने केंद्राची बंदी उठवली. आता तीसहून जास्त राज्यांत बेटिंग कायदेशीर आहे. सरकारला टॅक्स मिळतो, व्यवहार उजेडात राहतात, आणि ज्याला सुटायचंय त्याला आपलं नाव यादीत घालून स्वतःला बंदी करून घेता येते. दादा तिथे असता तर त्याच्या दारात वसुलीवाला आला नसता."

मुद्दा खोटा नव्हता. मी म्हटलं, "अरे, हे तुझ्या अमेरिकेच्या आधी कौटिल्याने सांगितलंय." अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष म्हणून अधिकारीच आहे. त्याने जुगार एकाच जागी चालवू द्यायचा, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड करायचा आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच घ्यायचे. उलट मनूने राजाला सांगितलं, राज्यातून जुगार हद्दपारच कर. वाद आजचा नाहीच. मी भाच्याला विचारलं, "तिकडे टीव्हीवर जाहिराती किती असतात रे?" तो हसला. म्हणाला, "मॅच कमी आणि जाहिराती जास्त. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला भाव तोंडपाठ आहेत."

मला तिथेच अडखळायला होतं. शेकडा पाच घेणाऱ्या राजाने "खेळू नका" म्हटलं तर ते ऐकणार कोण? ज्या दिवशी हरणाऱ्याच्या पैशात सरकारचा वाटा ठरतो, त्या दिवसापासून सरकारलाही तो खेळत राहायलाच हवा असतो. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी होता. तोवर सगळं छान चाललं होतं!

*

आठव्या दिवशी पुतण्या, सून आणि वहिनी तिघंही आली. मीच तिघांना बोलावलं होतं. वहिनी काही बोलल्या नाहीत, पदर डोळ्यांना लावून बसल्या. सून मात्र बोलली. एरवी माझ्यासमोर मान वर न करणारी पोरगी. म्हणाली, "नाना, तुम्ही शिकलेले. मला एकच सांगा. माझ्या माहेरचे दागिने यांनी कोणत्या हक्कानं ठेवले? आणि जमीन विकून पोरांच्या तोंडचा घास कोणत्या हक्कानं देणार?"

माझ्या अंगावर काटा आला. छत्तीस वर्षं मी वर्गात द्यूतसभा शिकवली. दरवर्षी मुलांना सांगितलं की द्रौपदीने सभेत जो प्रश्न विचारला, आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का, त्याचं उत्तर भीष्मालाही देता आलं नाही. पोरं ते वहीत लिहून घ्यायची, मी दहापैकी गुण द्यायचो. आणि माझ्या पडवीत तोच प्रश्न आला तेव्हा मी शाली पांघरून बसलेल्या त्या म्हाताऱ्यांपैकीच एक होतो. टीम लावताना कौतुक करणारा.

तेव्हा मनात लख्ख झालं. एवढे खटले, समित्या, अहवाल, सगळे विचारतात की फासा नशिबाचा की कौशल्याचा, कायदा केंद्राचा की राज्याचा, कर किती. पणाला लागलेली वस्तू कोणाची हे कोणी फारसं विचारत नाही. त्यातल्या त्यात विधी आयोगाची उत्पन्नाप्रमाणे मर्यादा घालायची सूचना मला या प्रश्नाच्या जवळ जाणारी वाटली. पण तिथेही उत्पन्न मोजायचं ते खेळणाऱ्याचं. त्याच्या उत्पन्नावर जगणाऱ्यांना विचारायची सोय नाही. माझं मत विचाराल तर दुकान आणि जाहिरात बंदच हवी, आणि सरकारने त्यात वाटा घेऊ नये. पण नुसतं दुकान बंद करून भागत नाही. आमच्या घरात दुकान बंद झालं आणि पोरगा चोरवाटेला लागला. बंदी आली तेव्हा सुटायचा रस्ता त्याला कोणी दाखवला नाही. आम्हीसुद्धा नाही.

मी सही केली नाही.

आमच्या मुळशीला जमिनीचं काय सांगावं! १९२१ च्या रामनवमीला याच खोऱ्यातली माणसं टाटांच्या धरणाविरुद्ध उभी राहिली, सेनापती बापटांच्या मागे "जान किंवा जमीन" म्हणत. ती जमीन पाण्याखाली गेली. राहिली त्यातली हिंजवडी-माणपासून इकडे भूगाव-पिरंगुटपर्यंत किती तरी बिल्डरांकडे गेली. आलेल्या पैशाच्या गाड्या झाल्या, गाड्यांचं भंगार झालं. आता उरलेले वीस गुंठे सहा चेंडूंच्या एका ओव्हरमधे घालवायचे? नाही.

विद्यार्थ्याने मला एक गोष्ट सांगून ठेवली होती. १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो, पैजेत जिंकलेले पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ पासून त्याहून कडक कायदा आहे, पैजेसाठी दिलेलं कर्जसुद्धा वसूल होत नाही. म्हणून आयडीवाल्याच्या नऊ लाखांना आम्ही हात जोडले. त्याची माणसं दोनदा आली, पोलिसांत अर्ज दिला, तेव्हापासून फक्त फोन येतात. भीती वाटते, खोटं का बोलू. पण मित्रांचे पैसे कायदा काहीही म्हणो, द्यायचे. त्याने ते आईच्या आजारपणाचं कारण सांगून घेतले होते. मोबाईलच्या कर्जाचे हप्ते तो स्वतः भरतोय. पतसंस्थेचे चार लाख मी माझी ठेव मोडून भरले आणि दागिने सोडवून सुनेच्या हातात दिले, त्याच्या नाही.

बरोबर केलं का? अजून कळत नाही. घरातले काही म्हणतात, नानांनी पाठीशी घातलं. काही म्हणतात, सही न करून पोराला गुंडांच्या तोंडी दिलं. दोन्ही थोडं थोडं खरं असेल.

पुतण्या दर पंधरवड्याला पुण्याला समुपदेशकाकडे जातो. साधा फोन वापरतो, बटणांचा. महिन्याच्या पाच तारखेला माझ्याकडे येतो, पाच हजार देतो, आणि मी शाळेच्या जुन्या हजेरीबुकात मांडून ठेवतो. एका महिन्यात आला नाही. तारीख कोरी ठेवली, काही बोललो नाही, पण त्या रात्री झोप आली नाही. पुढच्या महिन्यात दोन्हीचे घेऊन आला. म्हणाला, "नाना, पेपरात मॅचची बातमी वाचली तरी अजून हात शिवशिवतात." खोटं बोलला नाही, मला तेवढंच पुरे झालं.

काल पाच तारीख होती. येऊन गेला. जाताना ओढ्याकाठच्या तुकड्यात यंदा इंद्रायणी लावू की आंबेमोहोर, असं विचारत होता.

असो. फार लांबलं. तुमच्या घरात कोणी मोबाईलवर टीम लावताना, आयडी उघडताना दिसलं, तर माझ्यासारखं "कॅप्टन कोण?" विचारू नका. "पैसे कोणाचे?" एवढं विचारा. आणि विचारलं असेल, तर काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.